मेल प्रिंटला दिला की थंडरबर्ड गायब: शोध कुठून सुरू करायचा

प्रिंटचं बटण दाबलं आणि मेलचा अख्खा प्रोग्रामच नाहीसा झाला, तर बहुतेक वेळा दोष त्या प्रोग्रामचा नसतो. शिव्या मात्र त्यालाच बसतात, कारण डोळ्यांसमोरून गायब तो होतो. मग कुणीतरी तो काढून पुन्हा टाकतं, तरी पहिले पाढे पंचावन्न. मग कुणीतरी विंडोजच नवी टाकायला सांगतं आणि त्या भानगडीत कित्येक वर्षांचे मेल जातात. इतक्या थराला जायची गरज क्वचितच पडते.

मी लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलात हिशोब बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएससीआयटी. बाकीचं अंगावर पडलं म्हणून आलं. मिलमधल्या मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, मीच बघतो म्हटल्यावर मार्केट यार्डातले आडतवालेही फोन करतात. आमच्या धंद्यात कागद अजून कागदावरच लागतो. पार्टीची ऑर्डर, वजनकाट्याची पावती, लॅबचा रिपोर्ट, ई-वे बिल, सगळं एका पिनेत लावून ड्रायव्हरच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे मेल छापला जात नाही ही आमच्याकडे बारीक तक्रार नाही.

आमच्याकडे बहुतेक ठिकाणी मेलचा प्रोग्राम म्हणून थंडरबर्ड आहे. फुकट आहे, मेल आपल्याच मशीनवर उतरवून ठेवतं, नेट गेलं तरी जुने मेल उघडतात. 2004 च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, म्हणजे चांगलं जुनं खोड आहे. पुढचं सगळं मी थंडरबर्ड आणि विंडोज 10 किंवा 11 धरून सांगतोय. आउटलुकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी गाडी सोडा

गाडी उभी असेल तर दुरुस्ती नंतर. प्रिंटचं पॅनल उघडत असेल तर वर 'डेस्टिनेशन' असा रकाना दिसतो. तिथं प्रिंटरच्या जागी 'सेव्ह टू पीडीएफ' निवडा, फाइल डेस्कटॉपवर ठेवा, आणि ती फाइल क्रोममध्ये किंवा एजमध्ये उघडून तिथून छापा. पॅनलच उघडत नसेल तर ब्राउझरमधून थेट मेलच्या साइटवर लॉगिन करा आणि तिथून छापा. तेही जमेना तर मेल शेजारच्या टेबलाला फॉरवर्ड करा. अटॅचमेंट छापायची असेल तर ती सेव्ह करून वेगळी उघडा. मेलच्या प्रिंटचा आणि अटॅचमेंटच्या प्रिंटचा काही संबंध नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते मेल छापायला देतात आणि आतलं बिल का आलं नाही म्हणून विचारतात.

पीडीएफ छापतानाही ब्राउझर उडाला, तर मात्र लगेच समजा की दुखणं प्रिंटरच्या ड्रायव्हरचं (म्हणजे प्रिंटर आणि विंडोज यांचं बोलणं जुळवून देणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचं) आहे. निम्मा शोध तिथंच संपला.

नेमकं कधी बंद पडतं?

"सर, पिरिंट म्हणलं की सगळंच बंद पडूलालंय," असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो: कधी? बटण दाबल्या दाबल्या? पॅनल उघडल्यावर? प्रिंटर निवडल्यावर? की शेवटचं 'प्रिंट' दाबल्यावर? समोरच्याला हा चावटपणा वाटतो. पण सगळी गोम यातच आहे.

त्याचं कारण असं. विंडोजवर प्रिंट काढताना प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरचा काही भाग मेलच्या प्रोग्रामच्याच मेमरीत येऊन चालतो. कागदाची मापं कोणती, ट्रे किती, रंगीत आहे का, हे सगळं तो तिथं बसून सांगतो. भाडेकरूने स्टोव्ह भडकवला की घर मालकाचं जळतं, तसं त्या ड्रायव्हरनं चूक केली की पडतो थंडरबर्ड.

तेव्हा आधी एक फरक नीट बघा. खिडकी झटकन नाहीशी होते, की पांढरी पडून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं येतं? पांढरी पडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जाऊन लगेच गळा दाबू नका. चहा येईपर्यंत थांबा. खूप वेळा ते बंद पडलेलं नसतं, कुठल्यातरी प्रिंटरच्या उत्तराची वाट बघत असतं. त्याचं पुढं सांगतो.

खिडकी खरंच नाहीशी होत असेल तर एखादा साधा, दोन ओळींचा मेल घ्या. स्वतःच स्वतःला पाठवलेला असला तरी चालेल. त्यावर तीन गोष्टी करून बघा. आधी 'सेव्ह टू पीडीएफ'. ही सोय थंडरबर्डची स्वतःची आहे, तिच्यात प्रिंटरचा ड्रायव्हर येतच नाही. मग त्याच यादीतलं 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. नाव तसंच असलं तरी हा विंडोजचा प्रिंटर आहे, म्हणजे विंडोजची छपाईची सगळी वाट त्यात वापरली जाते. आणि शेवटी तुमचा खरा प्रिंटर.

पहिले दोन्ही नीट चालले आणि खऱ्या प्रिंटरवर उडालं तर ड्रायव्हर. पहिलं चाललं आणि दुसऱ्यावरच उडालं तर विंडोजची छपाईची यंत्रणा, म्हणजे स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) वगैरे. पहिल्यावरच उडालं तर मात्र थंडरबर्डकडे बघायचं: त्याच्या सेटिंग, ॲड-ऑन (वरून जोडलेले जास्तीचे छोटे प्रोग्राम), फॉन्ट. आणि साधा मेल तिन्हीकडे छापला, फक्त तो एकच मेल छापताना उडतंय, तर दोष त्या मेलात आहे.

पॅनल उघडतानाच उडत असेल तर या तीन गोष्टी करताच येत नाहीत. तेव्हा विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' इथं जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा डिफॉल्ट प्रिंटर करा आणि थंडरबर्ड पुन्हा उघडून बघा. पॅनल उघडलं? मग आधीच्या डिफॉल्ट प्रिंटरनंच घात केला होता.

त्याच पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' अशी एक सोय असते. ती बंद करून टाका. ती चालू असली की ज्या प्रिंटरवर शेवटचं छापलं तोच डिफॉल्ट होतो. आडतीच्या दुकानात पट्ट्या काढायला डॉट मॅट्रिक्स असतो, पत्रं काढायला लेझर असतो. मुनीमजींनी सकाळी पट्ट्या काढल्या की दुपारी मेल डॉट मॅट्रिक्सच्या आखूड कागदावर जायला निघतो. त्या आखूड मापाशी मेल जुळत नाही, आणि मग काय होईल ते त्या ड्रायव्हरच्या मर्जीवर.

पुरावा बघा, अंदाज नको

विंडोज प्रत्येक अपघाताची नोंद ठेवतं आणि ती फार कमी लोक उघडून बघतात. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. डावीकडं 'विंडोज लॉग्स', त्याखाली 'ॲप्लिकेशन'. मधल्या यादीत लाल खुणेची, 'ॲप्लिकेशन एरर' नावाची, 1000 क्रमांकाची नोंद शोधा, वेळ जुळवा. (प्रोग्राम अडकून राहिला असेल तर नोंद 1002 क्रमांकाची असते.) तिच्यावर क्लिक केलं की खाली मजकूर येतो. त्यातल्या 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम' या ओळीत थंडरबर्ड असणारच, त्यात नवीन काही नाही. त्याच्या पुढची ओळ महत्त्वाची: 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम'.

तिथं 'एक्सयूएल डॉट डीएलएल' असेल तर तो थंडरबर्डचा स्वतःचा मुख्य भाग. 'एनटीडीएलएल' असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, ते विंडोजचं सगळ्यांच्या वापराचं आहे. पण प्रिंटर कंपनीच्या नावाची आद्याक्षरं असलेलं, कधी न ऐकलेलं काहीतरी नाव असेल, तर चोर सापडला. फाइल कुठल्या फोल्डरातली आहे तेही खाली लिहिलेलं असतं. वाट 'स्पूल' आणि 'ड्रायव्हर्स' या फोल्डरांतून जात असेल तर शंकाच उरत नाही.

थंडरबर्डचं स्वतःचंही एक दप्तर आहे. उडाल्यावर 'क्रॅश रिपोर्टर'ची खिडकी येते. लोक ती त्रासिक चेहऱ्यानं बंद करतात. तिच्यातून रिपोर्ट पाठवा. नंतर 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन' उघडलं की 'क्रॅश रिपोर्ट्स'खाली त्या रिपोर्टचा क्रमांक सापडतो, बी-पी अशा अक्षरांनी सुरू होणारा. कुणाला विचारायची वेळ आली तर "बंद पडतंय" याच्यापेक्षा हा क्रमांक शंभर पटीनं कामाचा.

एक वेगळी गोष्ट: प्रोग्राम नाही, अख्खं विंडोजच निळं पडून रीस्टार्ट होत असेल, तर मेलच्या नादी लागू नका. 2021 च्या मार्चमध्ये विंडोज 10 च्या एका अपडेटमुळे काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छापायला दिलं की मशीन निळी पडत होती. आठवड्याभरात मायक्रोसॉफ्टनं त्यावर दुरुस्तीचं अपडेट काढलं. अशा वेळी हल्ली कोणतं अपडेट पडलं तेवढं बघायचं.

ड्रायव्हर मुळासकट काढणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रिंटर काढून पुन्हा जोडला म्हणजे ड्रायव्हर बदलला, असा समज सगळीकडे आहे. तसं होत नाही. प्रिंटरचं चित्र गेलं तरी ड्रायव्हर मशीनमध्ये तसाच पडून राहतो, आणि प्रिंटर पुन्हा जोडला की विंडोज तोच जुना उचलून लावतं.

आमच्या ओळखीच्या एका आडतीत प्रिंटरच्या यादीत एकाच लेझरची ओळीनं चित्रं होती: नुसतं नाव, मग त्याच नावापुढं 'कॉपी 1', मग 'कॉपी 2'. झाडलोट करताना पोरगा मागची यूएसबी वायर काढायचा आणि परत लावताना जे भोक हाताला येईल त्यात घालायचा. भोक बदललं की विंडोजला तो नवा प्रिंटर वाटतो. त्यातलं एकच चित्र जिवंत असतं, बाकीची फिकट. आणि मेलचा प्रोग्राम धरून बसलेला असतो मेलेल्याला.

तर काढायचं असं. थंडरबर्ड, वर्ड, टॅली, जे जे उघडं आहे ते बंद करा. प्रिंटरची वायर मशीनमधून काढा. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये त्या प्रिंटरची सगळी चित्रं, कॉपीसकट, 'रिमूव्ह' करा. मग त्याच पानावर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' अशी ओळ आहे ती उघडा, 'ड्रायव्हर्स' टॅबवर जा. तिथं ड्रायव्हर अजून बसलेला दिसेल. त्याला निवडून 'रिमूव्ह', आणि विचारल्यावर 'ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' हा दुसरा पर्याय. वापरात आहे म्हणून काढता येत नाही असं म्हणाला तर स्पूलर रीस्टार्ट करा (तो खाली सांगितलाय) आणि ताबडतोब पुन्हा या. तरीही हटला नाही तर मशीन रीस्टार्ट करून, काहीही न उघडता, पहिलं हेच काम.

मग प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, मॉडेलचा नंबर नीट बघून, तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर उतरवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणाऱ्या प्रोग्रामांना मशीनमध्ये पाय ठेवू देऊ नका. इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच वायर जोडा, आधी नाही. आणि जोडल्यावर त्या भोकाला खडूनं खूण करून ठेवा.

कंपनीनं एकाच मॉडेलला दोन-तीन ड्रायव्हर दिले असतील, एक पीसीएल, एक पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरशी बोलायच्या या दोन वेगळ्या भाषा), तर आधी जो होता तो सोडून दुसरा टाका. प्रिंटर नेटवर्कवरचा आणि अलीकडचा असेल तर विंडोजमध्येच असलेला 'मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर' पुष्कळदा पुरतो. सोयी थोड्या कमी मिळतात, पण निमूट चालतो. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या जुन्या यूएसबी लेझरना मात्र तो उपयोगी नाही. त्या प्रिंटरांत स्वतःची अक्कल फारशी नसते, पानाचं चित्र मशीनलाच तयार करून द्यावं लागतं, त्यामुळे त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो.

इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर चिडू नका. 2021 च्या ऑगस्टपासून विंडोजनं दुसऱ्या मशीनवरून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायलाही ॲडमिनचा हक्क सक्तीचा केलाय. त्याच्या थोडं आधी स्पूलरमधली एक मोठी फट उघडकीला आली होती, त्यानंतरची ही खबरदारी.

स्पूलर आणि गेलेली लाइट

छापायला दिलेलं प्रत्येक काम विंडोज आधी एका फोल्डरात फाइल करून ठेवतं आणि मग प्रिंटरला देतं. हे करणारा तो स्पूलर. छापता छापता लाइट गेली, आणि आपल्याकडे ती कधीही जाते, की अर्धवट फाइल तिथंच अडकते. मशीन इन्व्हर्टरवर असते, लेझर नसतो. लेझरची ओढ इन्व्हर्टरला झेपत नाही म्हणून तो मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो. लाइट आल्यावर प्रिंटर तीच अर्धी फाइल गिळायला जातो आणि पुढचं सगळं तुंबतं.

साफ करायचं ते या क्रमानं:

1. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून त्यावर उजवं क्लिक, 'स्टॉप'.
2. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम 32, स्पूल, प्रिंटर्स. या फोल्डरात जा. परवानगी मागेल, 'कंटिन्यू' म्हणा.
3. आत जोडीजोडीनं फाइल दिसतील: एकीचं शेपूट (नावातला टिंबापुढचा भाग) एसपीएल, दुसरीचं एसएचडी. पहिलीत पान असतं, दुसरीत ते कुणी आणि कुठं पाठवलं याची माहिती. आतल्या सगळ्या फाइल डिलीट करा. फोल्डर राहू द्या. शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला हात लावू नका.
4. सर्व्हिसेसमध्ये परत येऊन स्पूलर 'स्टार्ट'.

जाता जाता सी ड्राइव्हवर किती जागा उरलीय ते बघा. पट्टी लाल झाली असेल तर स्पूलरला फाइल ठेवायलाच जागा नसते. टॅलीचे वर्षानुवर्षांचे बॅकअप सी ड्राइव्हवरच ठेवायची खोड आमच्याकडे सार्वत्रिक आहे.

अडकून राहतं, पण उडत नाही

हे बहुतेक वेळा नेटवर्कवरच्या प्रिंटरमुळे. पॅनल उघडताना थंडरबर्ड प्रिंटरकडे चौकशी करतं, आणि प्रिंटर शेअर केलेला असतो मुनीमजींच्या मशीनवर, जी जेवणाच्या सुट्टीत बंद असते. किंवा राउटर बदलला आणि प्रिंटरचा पत्ताच बदलला. जो प्रिंटर आता अस्तित्वातच नाही तो यादीतून काढून टाका, मेलेले प्रिंटर गोळा करून ठेवू नका. चालू प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नेमून द्या आणि विंडोजमध्ये त्याच आयपीवर टीसीपी-आयपी पोर्टनं जोडा.

थंडरबर्डच्या आठवणी पुसणं

थंडरबर्ड प्रत्येक प्रिंटरच्या सेटिंग लक्षात ठेवतं: कागद, समास, आडवं-उभं, सगळं. प्रिंटर बदलला तरी जुनं विसरत नाही. ड्रायव्हर नवा टाकूनही उडत असेल तर हे पुसा.

त्याआधी एक. 'हेल्प'मधून 'ट्रबलशूट मोड' घ्या. प्रोग्राम ॲड-ऑनशिवाय पुन्हा उघडतो. तिथं प्रिंट नीट आली तर दोष एखाद्या ॲड-ऑनचा. छपाईसाठी मुद्दाम टाकलेलं 'प्रिंटिंगटूल्स एनजी'सारखं काही असेल तर पहिलं ते बंद करून बघा, मग बाकीची एकेक. सेटिंगच्या 'जनरल' भागात 'यूज हार्डवेअर ॲक्सिलरेशन' अशी चौकट असते. जुन्या ग्राफिक कार्डाच्या मशीनवर तिची खूण काढून, प्रोग्राम पुन्हा चालू करून बघायलाही हरकत नाही.

आता पुसायचं. 'सेटिंग्ज', 'जनरल', अगदी तळाला 'कॉन्फिग एडिटर'. शोधायच्या जागेत इंग्रजीत, लहान लिपीत, जागा न सोडता 'प्रिंट', अंडरस्कोर, 'प्रिंटर' असं लिहा. समोर जी ओळ येईल तिच्यात तुमच्या जुन्या प्रिंटरचं नाव दिसेल. उजवीकडच्या वळलेल्या बाणावर क्लिक केलं की ते पुसलं जातं. पुष्कळ वेळा एवढ्यावरच काम होतं.

नाही झालं तर सगळंच धुऊन काढायचं. 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन'मध्ये 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर'चं बटण आहे. फोल्डर उघडलं की थंडरबर्ड बंद करा. हे विसरलात तर केलेलं सगळं वाया, कारण बंद होताना ते आपली फाइल पुन्हा लिहून काढतं. मग एक पायरी वर जाऊन अख्खं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. खातं पॉपचं (सर्व्हरवरचे मेल मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर हे फोल्डर म्हणजेच तुमची मेलची चोपडी आहे. सर्व्हरवर दुसरी प्रत असेलच असं नाही. त्यातल्या शेपूट नसलेल्या, 'इनबॉक्स', 'सेंट' अशा नावांच्या मोठ्या फाइलींत खरे मेल असतात. त्यांना कुणी कितीही हुशारीनं सांगितलं तरी डिलीट करू नका. त्याच नावाची, एमएसएफ शेपटाची जी बारकी फाइल असते ती फक्त सूची, ती गेली तर पुन्हा तयार होते.

कॉपी झाली की 'प्रेफ्स डॉट जेएस' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळीत कंस आणि अवतरणचिन्ह उघडल्यावर लगेच सेटिंगचं नाव असतं. ज्या ओळींत ते नाव 'प्रिंट' या शब्दानं सुरू होतं, तेवढ्याच पूर्ण ओळी काढा, फाइल सेव्ह करा, थंडरबर्ड उघडा. नोटपॅडचंच सांगतोय, वर्ड नको.

एकच मेल छापताना उडतं

हे प्रकरण मराठीत जास्त सापडतं, म्हणून जरा थांबतो.

आधी तो मेल निवडून 'व्ह्यू', 'मेसेज बॉडी ॲज', 'प्लेन टेक्स्ट' करा आणि छापा. छापला? मग अडचण मजकुरात नाही, सजावटीत आहे: भलंमोठं टेबल, चित्रं, किंवा फॉन्ट. लांबलचक मेल असेल तर पानांचा आकडा देऊन दोन-दोन पानं छापत जा. कुठल्या पानावर उडतं ते सापडलं की त्या पानावर काय आहे ते डोळ्यांनाच दिसतं.

फॉन्टची गोष्ट अशी. युनिकोडच्या (सगळ्या मशीनींवर सारखी चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट आपल्या मशीनींवर अजून ढिगानं आहेत. डीटीपीवाल्याकडून आलेले, कुठल्यातरी सीडीवरून घेतलेले, एकावरून दुसऱ्यावर कॉपी होत आलेले. त्यातले काही कॉपी होता होता बिघडलेले असतात. पडद्यावर ते कसेबसे दिसतात, पण छपाईला अक्षराचा आकार सविस्तर लागतो आणि तिथं घोटाळा होतो. आमच्याकडे एका व्यापारी संघटनेचं भावपत्रक मेलनं यायचं, वर ठसठशीत मराठी मथळा. तेवढंच पत्रक छापताना थंडरबर्ड उडायचं, बाकी सगळं छापायचं. प्लेन टेक्स्टमध्ये ते छापलं तेव्हा मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला आला: जुना, बिगर-युनिकोड फॉन्ट. विंडोजच्या सेटिंगमधल्या फॉन्टच्या पानावर त्या फॉन्टचं चित्रच उमटत नव्हतं, नुसती कोरी चौकट. तो फॉन्ट काढला आणि पत्रक निघालं. मथळा मात्र गिचमिडच राहिला. तो त्या संघटनेनं युनिकोडमध्ये लिहिल्याशिवाय सुधारणारा नव्हता.

तुम्हाला प्रत्येक फॉन्ट तपासत बसायचं नसेल तर थंडरबर्डच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', तिथं 'फॉन्ट्स'पुढं 'ॲडव्हान्स्ड'. वरच्या यादीत 'देवनागरी' निवडा आणि खालच्या रकान्यांत 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' द्या. मग 'अलाउ मेसेजेस टू यूज अदर फॉन्ट्स' याची खूण काढा. आता पाठवणाऱ्यानं कुठलाही फॉन्ट सांगितला तरी थंडरबर्ड तुमचाच वापरेल. मेल जरा साधे दिसतील, पण छापले जातील. काही ड्रायव्हरांच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्ट चित्र म्हणून पाठवायचीही सोय असते. मराठी अक्षरं फुटून येत असतील तर तीही चालू करून बघा.

एकाच फोल्डरातले बरेच मेल त्रास देत असतील तर त्या फोल्डरावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. सूची नव्यानं तयार होते, मेल जात नाहीत.

जुनी विंडोज, आणि आउटलुक

विंडोज 7 किंवा 8.1 वर अजून काम करणारे आहेतच. त्यांच्यासाठी थंडरबर्डची 115 ही शेवटची आवृत्ती. तिथं 'अपडेट करून बघा' या सल्ल्याला फार अर्थ नाही. सेव्ह टू पीडीएफ आणि तिथून छपाई, हाच कायमचा रस्ता धरा. 'अबाउट थंडरबर्ड'मध्ये आवृत्तीपुढं 32-बिट असं दिसलं आणि विंडोज 64-बिट असेल, तर मशीनला 64-बिट थंडरबर्ड टाका. 32-बिट प्रोग्रामची छपाई 64-बिट विंडोजवर एका दुभाष्या प्रोग्राममधून जाते, आणि अडकायला तेवढीच एक जागा वाढते. जुनं प्रोफाइल मशीनवर तसंच राहतं, तरी कॉपी आधी.

आउटलुकवाल्यांनी, म्हणजे ऑफिसबरोबर येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकवाल्यांनी, आधी कंट्रोलचं बटण दाबून धरत आउटलुक उघडावं. सेफ मोडमध्ये उघडू का म्हणून विचारतं. हो म्हणा आणि प्रिंट देऊन बघा. चाललं तर ॲड-इन एकेक बंद करत जा. नाही चाललं तर आउटलुक बंद करून, तुमच्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक असं आत जा. तिथं 'आउटलप्रिंट' अशा धाटणीच्या आखूड नावाची, शेपूट नसलेली एक फाइल असते, स्पेलिंगमध्ये ओ-यू-टी-एल आणि पुढं पी-आर-एन-टी. छपाईच्या सगळ्या शैली तिच्यात असतात. तिचं नाव बदलून ठेवा, डिलीट नको. पुढच्या प्रिंटला आउटलुक नवी फाइल स्वतःच करून घेतं. ड्रायव्हर, स्पूलर आणि इव्हेंट व्ह्यूअरचं वर जे सांगितलं ते आउटलुकलाही जसंच्या तसं लागू आहे, फक्त 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन'च्या ओळीत नाव त्याचं दिसेल.